शुक्रवारी बारापर्यंत

निकाल लागला तेव्हा इल्वाला आनंद झाला नाही. तिला शंका आली.

पाच. त्यांच्या विद्यापीठात पाचाच्या वर काही नसतं. खाली चार, मग तीन, मग नापास. विषय होता बर्फावरच्या भारांचं गणित, म्हणजे गोठलेल्या तळ्यावर किती वजन आलं तर बर्फ किती वाकतो आणि कधी फुटतो. चाळीस जणांत पाच फक्त एकीला मिळाले होते, आणि ती एक म्हणजे आपण, हे इल्वाच्या पचनी पडेना. सहा उदाहरणांतलं शेवटचं आपण चुकवलंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. मार्चमध्ये परीक्षेच्या हॉलमधून बाहेर पडतानाच ठाऊक होतं. एक चुकलं की चार. पाच होतच नाहीत.

मोआला तीन मिळाले होते.

खरी अडचण ही होती. मोआ आणि ती पहिल्या वर्षापासून एकत्र अभ्यास करत होत्या. एकाच वसतिगृहात, एकाच मजल्यावर राहायच्या, सामायिक स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये त्यांचे कप्पे एकाखाली एक होते. चार वर्षांत दोघींपैकी कुणालाच चाराच्या खाली काही मिळालं नव्हतं. बाकीची मुलं त्यांना रेल्वेचे रूळ म्हणायची. बरोबर धावतात आणि दोघींपैकी एकीलाही आपणहून वळता येत नाही. त्या दिवशी पेपर देऊन मोआ शीळ घालत बाहेर आली होती. "छान होता," असंही म्हणाली होती. मोआ स्वतःच्या पेपरला छान म्हणाली की तो छान गेलेला असतो. तिला तीन कसे मिळतील?

मग इल्वाला लिफाफे आठवले.

परीक्षेच्या दाराशी देखरेखीला निवृत्त माणसं बसवतात. त्या दिवशी एक कानात यंत्र घातलेले म्हातारे गृहस्थ होते. ओळखपत्र बघायचं, यादीत नावापुढे खूण करायची आणि त्या नावाचा लिफाफा द्यायचा, एवढंच काम. लिफाफ्यावर नाव नसतं, नुसता आकडा असतो. तपासणाऱ्याला पेपर कुणाचा ते कळू नये म्हणून. मोआच्या हातात कॉफीचा थर्मास होता, दोघींचे कोट होते, पाच तासांच्या पेपरला लागणारी केळी आणि चीज लावलेले ब्रेड होते. ती ते सगळं भिंतीशी ठेवायला गेली आणि जाताना आपलं ओळखपत्र इल्वाच्या हातात देऊन गेली. म्हाताऱ्यांनी खरं तर तिला परत बोलवायला हवं होतं. त्यांनी दोन खुणा केल्या आणि दोन्ही लिफाफे इल्वाला दिले. तिनं एक आपल्या बाकावर ठेवला आणि एक मोआच्या.

कुठला कुणाचा, हे पाहिलं होतं का? पाहिलं असेल. तिला आठवत नव्हतं. त्या आठवड्यात आईला जाऊन वर्ष झालं होतं. दर परीक्षेच्या सकाळी येणारा फोन आला नव्हता, आणि पेपरभर तिचा अर्धा कान त्या फोनकडे लागलेला होता. तो येणार नाही हे माहीत असूनही.

सोमवारी गुन्वोरनं तिला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं. गुन्वोर म्हणजे तो विषय शिकवणारी प्राध्यापक. तिथं प्राध्यापकांनाही सगळे नावानं आणि एकेरीतच हाक मारतात. साठीला आलेली, उंच, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून मागं बघण्याची सवय असलेली.

"इल्वा, थांब. उन्हाळ्यात माझ्याकडे एक जागा आहे. तळ्यावरची तीन हिवाळ्यांची मोजमापं पडून आहेत, ती लावायची आहेत. पाच तुला मिळालेत, तेव्हा जागा तुझी."

"आणि पुढे?"

"पुढे डॉक्टरेट, तुला हवी असली तर. माझ्याकडे उन्हाळा काढलेलं आजवर कुणी परत गेलेलं नाही."

"विचार करायला वेळ मिळेल?"

गुन्वोरनं पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. "शुक्रवारी बारापर्यंत. बारा वाजता मला वर नाव कळवायचंय. दक्षिणेकडचा एक मुलगा वाट बघतोय, त्याला तरी किती ताटकळत ठेवायचं?"

म्हणजे गोष्ट सोपी होती. लिफाफे बदलले असतील तर पाच मोआचे, जागाही मोआची. नसतील तर दोन्ही आपलं. पेपर काढून बघितला की झालं. तळघरात एक खिडकी आहे, ती रोज बारा ते एक उघडते, तिथं तपासलेले पेपर मिळतात.

तरी सोमवार गेला, मंगळवार गेला आणि इल्वा त्या खिडकीकडे फिरकली नाही.

त्याला एक कारण रिवाजाचं होतं. त्या खिडकीपाशी नापास झालेले जातात, भांडायला. तीनवाले जातात, कुठं अर्धा गुण निघतोय का बघायला. पाचवाला जात नाही. जिंकलेल्यानं पंचाकडे जाऊन पुन्हा मोजा म्हणावं, तसं ते दिसतं. चार वर्षांत इल्वानं आपला एकही तपासलेला पेपर पाहिलेला नव्हता. आकडे पाहिले होते. आपण काय बरोबर लिहिलं होतं आणि ते बरोबर का होतं, हे तळघरात दोन वर्षं पडून राहायचं आणि मग त्याच्या चिंध्या व्हायच्या.

पण कारण तेवढंच नव्हतं, हे तिलाही जाणवत होतं. दुसरं कारण काय, ते मात्र सापडत नव्हतं.

बुधवारी आणखी एक त्रास आला. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर 'आमचे गुणी विद्यार्थी' असं एक पान असतं. त्या पानासाठी माहिती विभागातल्या बाईंनी प्रश्न पाठवले होते. हा विषय का निवडला? दहा वर्षांनी स्वतःला कुठे पाहतेस? सोबत हसरा फोटो.

हा विषय का निवडला? इल्वाला घरचं स्वयंपाकघर आठवलं. प्रवेशाचा अर्ज, त्यात पसंतीक्रम भरायचा होता, आणि आई ओट्याशी उभी राहून बटाटे सोलत होती. "सगळ्यात अवघड असेल ते वर टाक," आई म्हणाली होती. "खाली कधीही उतरता येतं." इल्वानं टाकलं. अवघड ते मिळालं, मग ते जमलं, मग पुढचं अवघड आलं. खाली उतरायची वेळच आली नाही. आता हे त्या बाईंना कसं लिहायचं? तिनं लिहिलं, 'आईनं सुचवलं.' दुसऱ्या प्रश्नापुढं लिहिलं, 'माहीत नाही.' आणि पाठवून दिलं.

अर्ध्या तासात उत्तर आलं. स्वयंपाकघरात मोआ ब्रेडला लोणी लावत होती. इल्वानं तिला ते वाचून दाखवलं.

"'खूप छान. दुसरं उत्तर जरा अजून सकारात्मक करता येईल का? एखादं स्वप्न वगैरे?'"

"लिही, बर्फावर," मोआ म्हणाली.

"काय?"

"दहा वर्षांनी कुठे? बर्फावर. खोटं नाही, आणि कुणाला काही कळणारही नाही. त्यांना असलंच आवडतं." तिनं सुरी चाटली. "गुन्वोरला सांगितलंस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या मजल्याला माहितेय. सांगितलंस की नाही?"

"विचार करतेय."

"कसला गं? देतायत तर घे ना. कशाला भिजत घोंगडं ठेवतेस?"

मोआ हे खूपच सहज म्हणाली. तीन मिळाल्याबद्दलही ती अशीच बोलली होती. तीन तर तीन, म्हणाली होती, आणि नळाखाली कप धरला होता. लिफाफ्यांचं बोलायला इल्वानं तोंड उघडलं. पण बोलली काय, तर, "लोणी संपलं का?"

संध्याकाळी तिनं वडिलांना फोन केला. ते तीन तासांवरच्या गावात राहात. चाळीस वर्षं त्यांनी लाकडांचा ट्रक चालवला होता. हिवाळ्यात तळं गोठलं की त्यावरूनच रस्ता जायचा.

"फ्रिज आणला का पप्पा?"

"गेलो होतो. परत आलो."

"परत?"

"सतरा प्रकार आहेत गं. ती असताना ती सांगायची हा घ्यायचा, आणि मी उचलायचो. उचलायला मला अजूनही काही होत नाही."

"मग दूध कुठं ठेवतोस?"

"बाहेर. थंडी आहे अजून. मे उजाडला की बघू."

वडिलांशी फोनवर गप्प राहायला इल्वाला आईच्या जाण्यानंतर जमायला लागलं होतं. आधी आई मध्ये असायची, तेव्हा गरज पडायची नाही.

"पप्पा, एक विचारायचंय."

"मला?"

"हो."

"मग अडचण मोठी दिसते. विचार."

"एखादी गोष्ट आपल्याला मिळाली, पण ती दुसऱ्याची असू शकते. तर काय करायचं?"

"कुणाची?"

"मोआची."

"मग बघायचं कुणाची आहे ते. नाव घातलेलं नाही त्यावर?"

"आकडा असतो नुसता."

"असं कसं? आम्ही जेवणाच्या डब्यावरसुद्धा नाव घालायचो."

मग तिनं उगाचच शेवटच्या उदाहरणाचं विचारलं. "भरलेला ट्रक बर्फावरून जोरात नेला तर बर्फ जास्त वाकतो की कमी?"

"किती जोरात?"

"म्हणजे?"

"हळू गेलं तर काही नाही. त्याच्या वर एक मधला वेग असतो, तो वाईट. बर्फाखालचं पाणी ढकललं जातं आणि गाडीपुढं लाट धरते. बसल्याजागी कळतं, पोटात. त्या वेगाच्याही वर गेलं तर लाट मागं पडते, बर्फ कमी वाकतो. पण तिथवर पोचायला त्या मधल्यातूनच जावं लागतं ना. म्हणून आम्ही आपले हळूच."

"कमी वाकतो? नक्की?"

"मी एकदाच केलंय. तुझ्या आईला सांगितलेलं नाही, तूही..." ते थांबले. "आता काय म्हणा."

फोन ठेवल्यावर इल्वा पलंगावर बसून राहिली. तिचं उत्तर नेमकं हेच होतं. एका वेगाच्या पुढं गेलं की बर्फ कमी वाकतो. आकडे तसे आले म्हणून तिनं ते चूक धरलं होतं, असं कुठं असतं का म्हणून. म्हणजे ते चूक नसेल. म्हणजे पाच तिचे असतील.

हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, आणि का नाही ते तिला कळेना.

गुरुवारी बाराला ती खिडकीपाशी उभी राहिली. पुढे दोन मुलं होती, दोघंही भांडून गेली. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"विषय?"

"बर्फ. मार्चचा."

"नाव?"

इल्वानं सांगितलं. बाईंनी गठ्ठ्यातून पेपर ओढला आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. "पाच आहेत तुला."

"हो."

"मग?"

"बघायचाय."

ठणठणीत माणूस दवाखान्यात येऊन बसला की आत बसलेले जसे बघतात, तसं बाईंनी पाहिलं आणि पेपर सरकवला.

अक्षर तिचंच होतं. शेवटपर्यंत सगळं तिचंच. सहाव्या उदाहरणाच्या खाली तिनं लिहिलं होतं, 'उत्तर अशक्य वाटतं. चूक कुठे आहे ते सापडत नाही.' त्यांना तसं लिहायला शिकवलेलंच असतं. उत्तर पटत नसेल तर नाही पटत म्हणून लिहा, प्रामाणिकपणाचा अर्धा गुण मिळेल. त्याखाली गुन्वोरनं पेन्सिलीनं दोन शब्द लिहिले होते. 'चूक नाही.'

इल्वा भिंतीला टेकली. तीन दिवस न सापडलेलं दुसरं कारण आता समोर आलं. पेपर मोआचा निघावा असं तिला वाटत होतं. मोआचा निघाला असता तर शुक्रवार आपोआप टळला असता. जागा हवी की नको, हे कुणी विचारलंच नसतं. प्रामाणिक मुलगी म्हणून चार लोकांनी पाठ थोपटली असती ती वेगळीच. आता पळायला वाट नव्हती.

इथून तिनं वर जायला हवं होतं. पण ती पुन्हा खिडकीकडे वळली आणि मोआचं नाव सांगितलं.

कुणालाही कुणाचाही पेपर मागता येतो, तो सरकारी कागद असतो. कशाला हवा, हे विचारायचंसुद्धा नाही असा कायदा आहे. आणि कुणी कुणाचा मागायचा नाही, अशी रीत आहे. बाईंनी कायदा पाळला. काही विचारलं नाही. फक्त प्रत काढून देताना ती उलटी, कोऱ्या बाजूनं धरून दिली.

पहिली चार उदाहरणं नेहमीसारखी होती. मोआचं बारीक, सरळ अक्षर, कुठे खाडाखोड नाही. पाचव्या पानावर पाचाचा आकडा, त्याखाली पट्टीनं ओढलेली रेघ, आणि पुढे काही नाही. सहाव्या पानावर सहाचा आकडा, रेघ, आणि काही नाही. नापास होणारी मुलंही काहीतरी खरडतात, एखादं सूत्र, एखादी आकृती. इथं पेन्सिल टेकलेलीसुद्धा नव्हती. वरच्या कागदावर पेपर परत दिल्याची वेळ म्हाताऱ्यांनी लिहिली होती. दोन वाजता. म्हणजे मोआ अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत बसली होती.

त्या संध्याकाळी सहा ते नऊ कपडे धुण्याच्या खोलीची पाळी मोआची होती. इल्वा गेली तेव्हा ती वाळलेल्या चादरी काढत होती. यंत्रं फिरत होती, त्यामुळे जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"मी तुझा पेपर बघितला."

"कुठला?"

"बर्फाचा."

मोआनं चादर खाली घेतली. "माझा?"

"कुणालाही मागता येतो."

"येतो ना. माझ्या आजीचे कराचे कागदही कुणालाही मागता येतात. मागितलेत कधी कुणी?"

इल्वानं तिला लिफाफ्यांचं सगळं सांगितलं. मोआनं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, आणि हेच वाईट होतं.

"म्हणजे तुला वाटलं, तुझे पाच खरे माझे आहेत."

"हो."

"सोमवारपासून वाटत होतं."

"हो."

"आणि काल मी लोणी लावत होते, तेव्हाही."

इल्वानं मान डोलावली.

"बरं. मग आज स्वतःचा बघितलास. तुझाच निघाला. तिथं काम संपलं होतं ना तुझं?"

"संपलं होतं."

"मग?"

"माहीत नाही. चुकलं माझं."

"हो," मोआ म्हणाली. मग चादरीची दोन टोकं तिच्याकडे फेकली. "धर."

दोघींनी चादर ताणली. चार वर्षं त्या एकमेकींच्या चादरींच्या घड्या घालत आल्या होत्या. हात आपोआप चालत होते.

"ती दोन येत नव्हती का तुला?" इल्वानं विचारलं.

"येत होती."

"मग?"

मोआ पुढे आली, तिच्या हातातली टोकं घेतली, पुन्हा मागं गेली. "पाचव्याखाली रेघ ओढली आणि डोक्यात आलं, हे लिहिलं की गुन्वोर बोलावणार. उन्हाळा. मग चार वर्षं. मग अजून काहीतरी. आणि मला नाही म्हणता येत नाही. तुला येतं?"

"मला कधी म्हणावंच लागलं नाही."

"तेच. म्हणून म्हटलं, बोलावणंच नको."

"मग पेपर द्यायचाच कशाला? नापास..."

"नापास झालं तर पुन्हा बसावं लागतं, शहाणे. तीनला पुन्हा बसता येत नाही. चार पूर्ण, दोन कोरी. बरोबर तीन येतात. मोजून घेतलं होतं मी." तिच्या आवाजात किंचित अभिमान होता. इतक्या वर्षांची सवय, जाता जात नाही.

"आणि दोन वाजेपर्यंत काय करत बसलीस?"

"केळं खाल्लं. तुझ्याकडे बघत होते. तू लिहीत होतीस, लिहीत होतीस, मान वर करत नव्हतीस. मला वाटलं, हिला तरी माहितेय."

"मला काही माहीत नव्हतं. उत्तर सोडलं तर मी काय लिहिलं तेही आठवत नाही."

"छान," मोआ म्हणाली. "म्हणजे दोघीही तशाच."

"पण तुला मग करायचंय काय?"

"ते माहीत असतं तर नाही म्हणता आलं असतं. मग पाचवं लिहिलं नसतं का?"

यंत्र थांबलं. खोली एकदम शांत झाली आणि इल्वाला वाटलं, आता बोलावं. "ती जागा..."

"नको." मोआनं घडी घातलेली चादर टोपलीत ठेवली. "ती नाकारून माझ्या गळ्यात मारायला आली असशील, तर नको. ती मला मिळू नये म्हणून मी अडीच तास कोऱ्या कागदासमोर बसले. एवढी मेहनत मी कुठल्याच उदाहरणावर केलेली नाही." तिनं दुसरी चादर काढली आणि तिची टोकं इल्वाकडे टाकली नाहीत. "तुझी पाळी आहे का इथं आता? नाही ना? मग जा."

शुक्रवारी पावणेबाराला इल्वा गुन्वोरच्या दारात होती. खिडकीबाहेर नदीवरचा बर्फ करडा पडला होता. आता त्यावर कुणी पाय ठेवत नव्हतं. टेबलावर एक छापील कागद, त्यावर दोन नावं.

"बोल," गुन्वोर म्हणाली.

"मला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"हवंय की नको ते."

"काम आवडत नाही?"

"करता येतं. आवडतं का, ते कधी बघितलं नाही. येतंय म्हटल्यावर करत गेले."

इल्वाला वाटलं होतं, आता गुन्वोर समजावेल. असं वाटतंच म्हणेल, मलाही वाटलं होतं म्हणेल. आई असती तर तिनं दोन वाक्यांत निकाल लावला असता, आणि तो मानला असता. गुन्वोर खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत राहिली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग मी नाही धरते. न सांगितलेलं उत्तर म्हणजे नाहीच असतं. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. तो मुलगा चांगला आहे." तिनं पेन उचललं, वरच्या नावावर टेकवलं आणि रेघ ओढायला लागली.

"घेते," इल्वा म्हणाली.

पेन नावाच्या मध्यावर थांबलं. "काय?"

"मी घेते जागा."

"आत्ता तर माहीत नव्हतं."

"अजूनही नाही."

"मग?"

"तू खोडायला लागलीस, ते बघवेना."

घड्याळात बाराला चार मिनिटं कमी होती. "हे कारण मी कुठे लिहून देणार नाही," गुन्वोर शेवटी म्हणाली, आणि अर्धवट खोडलेल्या नावाच्या शेजारी तेच नाव हातानं पुन्हा लिहिलं. "तीन जूनला, सकाळी आठ वाजता. रबरी बूट घेऊन ये. तळ्याचा काठ चिखलाचा असतो. आणि इल्वा, ऑगस्टमध्ये नको वाटलं तर तेव्हा सांग. मला नाही, आधी स्वतःला."

इल्वा बाहेर येऊन दगडी पायऱ्यांवर उभी राहिली. आपण काय केलं, ते तिला ठाऊक होतं. का केलं, ते नव्हतं. एखादी गोष्ट हवी असणं आणि हातची जाऊ न देणं, या दोन्ही एकच की वेगळ्या? वेगळ्या असतील तर आपण कुठली केली? पप्पा दुकानात सतरा फ्रिजांसमोर उभे राहिले असतील तेव्हा त्यांना असंच झालं असेल, असं तिच्या मनात आलं. ते निदान न घेता परत आले होते.

बारा वाजून गेल्यावर तळघराच्या जिन्यानं मोआ वर आली. हातात कागद होते. ती इल्वासमोर थांबली.

"काय आहे?"

"तुझा पेपर."

"मागितलास?"

"कुणालाही मागता येतो," मोआ म्हणाली. ती पायरीवर बसली. पायऱ्या थंड होत्या, बसताना तिनं कोट खाली ओढून घेतला. "ती बाई म्हणाली, तुम्हा दोघींचं काय चाललंय? मी म्हटलं, आम्हालाही माहीत नाही. गुन्वोरला काय सांगितलंस?"

"हो म्हटलं."

"का?"

"ती माझं नाव खोडत होती."

"एवढंच?"

"एवढंच."

मोआनं मान हलवली. "मी मोजून मोजून सोडलं आणि तू धडपडत घेतलंस. दोघींत मिळून एक तरी धड कारण असायला हवं होतं."

"रागावली आहेस अजून?"

"हो. सोमवारपर्यंत तरी राहीन." ती पानं उलटत सहाव्यापर्यंत गेली आणि बोट ठेवलं. "पण हे सांग. या ओळीवरून या ओळीवर कशी आलीस? मधली पायरी नाहीये. गुन्वोरनं कशी सोडली कोण जाणे."

इल्वानं वाकून बघितलं. अक्षर तिचं होतं. वरची ओळ बरोबर होती, खालचीही बरोबर होती. मध्ये काहीतरी असायला हवं होतं आणि ते कागदावर नव्हतं.

"पाण्याचा दाब धरला असशील," मोआ म्हणाली.

"असेल. पण कुठल्या बाजूनं?"

"मला काय विचारतेस? तू लिहिलंयस."

इल्वा तिच्या शेजारी बसली. मोआनं खिशातून पेन्सिल काढून दिली, आणि दोघी त्या दोन ओळींच्या मधल्या जागेकडे बघत राहिल्या. पायरी काही लवकर सापडली नाही.